कराडहून कुंडलकडे : कुस्तीच्या मुलुखात

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतून जाणारी कृष्णाकाठची वाट म्हणजे ऊस, हळद आणि द्राक्षांची वाट, असे आपण शाळेत शिकलो. पण या वाटेवर गावोगाव तालमी आहेत. जत्रेचे मैदान ठरले की चार पैसे मिळवणारा माणूस एक दिवसाचा खाडा करून कुस्ती बघायला जातो. तिथे तो नुसता टाळ्या वाजवत नाही. तो वाद घालतो. तो वाद ऐकावा, मुलांनाही ऐकवावा, म्हणून आम्ही घरची मंडळी साताऱ्याहून एस.टी.ने निघालो. बरोबर दोन शाळकरी मुले होती आणि एक मुलगी. मुलीला का नेता, असे शेजारी विचारलेच. त्याचे उत्तर पुढे सांगलीत मिळाले.

वादाला सुरुवात गाडीतच झाली. २०२२ च्या एप्रिलमध्ये साताऱ्याच्या छत्रपती शाहू स्टेडियममध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली. अखेरच्या कुस्तीत कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरला ५-४ अशा गुणांनी हरवले. एका गुणाचा फरक! पुढच्या बाकावरचे एक आबा म्हणाले, "आरं, पाठ कुठं लागली? पाठ लागल्याबिगर कुस्ती झाली व्हय?" मागून एक तरुण म्हणाला, "आबा, गादीवर पाठ लागायची वाट बघत नाहीत. ताबा घेतला की दोन गुण." कराड येईपर्यंत दोघेही हटले नाहीत.

हा वाद समजून घ्यायचा तर आधी मैदान समजून घेतले पाहिजे. परदेशात गोल्फ नावाच्या खेळाचे शौकीन आहेत. मैदानात उंचवटा कुठे, वाळूचा खड्डा कुठे, तळे कुठे, आणि त्यानुसार खेळाडूने चेंडू कसा मारावा, यावर ते तासन्‌तास बोलतात. आपल्याकडे तीच चर्चा माती आणि गादी यांवर चालते. आखाड्याची लाल माती चाळून घेतात. तीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळतात. ती रोज खणून भुसभुशीत ठेवावी लागते. तीत पाय रुततो, चाल मंद होते, दम जास्त लागतो. गादीवर ९ मीटर व्यासाचे वर्तुळ असते आणि त्याच्या आतल्या कडेला १ मीटर रुंदीचा पट्टा. तिथे पायात बूट असतात, चाल वेगाची असते. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. सगळा हिशोब सहा मिनिटांत.

मैदान बदलले की डोके वेगळे चालवावे लागते. मातीतल्या निकाली कुस्तीत पैलवान खाली गेला तरी त्याचे काही जात नाही. तो खाली दबून राहतो, वरच्याला थकवतो आणि संधी मिळताच उलटतो. गादीवर हेच केले तर तो हरतो. कारण पट काढून ताबा घेतला की समोरच्याला २ गुण, पाठ जमिनीकडे फिरवली की आणखी २, मोठी फेक केली तर ४ किंवा ५, आणि नुसते वर्तुळाबाहेर ढकलले तरी १. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. गुण बरोबरीत सुटले तर कोणाचा डाव मोठा होता, कोणाला ताकीद मिळाली आणि शेवटचा गुण कोणाचा, हे पाहतात. म्हणून शेवटच्या अर्ध्या मिनिटात आघाडीवरचा पैलवान मागे सरत राहतो आणि पिछाडीवरचा जीव टाकून पटाला झेपावतो. ज्याला हे माहीत नाही, त्याला ती पळापळ वाटते. ज्याला माहीत आहे, तो श्वास रोखून बघतो.

कराडजवळ गोळेश्वर हे गाव आहे. १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म इथेच झाला. त्यांच्या घराचे नाव 'ऑलिम्पिक निवास'. खाशाबा अंगाने धिप्पाड नव्हते. १९४८ साली लंडनला ते सर्वांत हलक्या वजनांपैकी एका गटात लढले. मातीत वाढलेल्या या पोराची गादीशी खरी गाठ तिथेच पडली, तरी त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. १९५२ ला हेलसिंकीला जायचे ठरले तेव्हा प्रश्न पैशाचा होता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी परत आल्यावर कुस्त्या करून हे कर्ज फेडले, असे सांगतात.

हेलसिंकीत ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यानंतर असे दुसरे पदक यायला १९९६ साल उजाडावे लागले. पण या पदकाची एक हकीकत मुलांना सांगितलीच पाहिजे. जपानच्या शोहाची इशीशी खाशाबांची लांबलेली, दमवणारी कुस्ती झाली आणि ती त्यांनी गमावली. त्यानंतर लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायला उभे केले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यावी असा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. थकलेले खाशाबा लढले आणि हरले. इशीला सुवर्ण मिळाले, मम्मदबेयोवला रौप्य.

ही हकीकत ऐकून बरोबरची मुले गप्प झाली. अंगात ताकद होती, डावही येत होते. उणीव होती ती आपल्या बाजूने नियम बोलणाऱ्या माणसाची. कष्टकरी घरांना हा अनुभव नवा नाही. कचेरीत, कारखान्यात, दवाखान्यात आपले काम कागदावर बरोबर असते, पण कलम दाखवून बोलणारा कोणी नसला की आपण रांगेतून मागे सरकतो. आखाड्यातही तेच घडते.

कराडला खाशाबा परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. पुढे १९५५ साली ते पोलिस खात्यात उपनिरीक्षक झाले. १९८४ साली अपघातात गेले. २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. गावात त्यांच्या नावाचे कुस्ती केंद्र होण्याचे आश्वासन रेंगाळले, म्हणून २०१७ साली त्यांच्या मुलाने पदक लिलावात काढण्याची भाषा केली होती. पुढे महाराष्ट्र सरकारने १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन ठरवला. मिरवणूक एका दिवसाची असते, गादी मात्र रोज लागते, हे यावरून समजावे.

कराडहून सांगलीकडे निघाले की किर्लोस्करवाडीच्या शेजारी कुंडल लागते. पलूस तालुक्यातले, डोंगराच्या पायथ्याचे हे गाव कुस्ती मैदानासाठी महाराष्ट्रात नावाजलेले आहे. मैदान कसे असावे, याचा धडा या भागाला राजर्षी शाहू महाराजांनी घालून दिला. १९०२ च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोमचे जुने गोल प्रेक्षागृह पाहिले आणि कोल्हापुरात खासबाग मैदान बांधून घेतले. १९१२ पासून तिथे कुस्त्या सुरू झाल्या. मध्ये आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक, म्हणजे अगदी मागे बसलेल्यालाही पैलवानाचा पाय दिसावा. ज्याला दिसत नाही, त्याला कळत नाही, आणि ज्याला कळत नाही त्याला पंचाचा निकाल मुकाट्याने मान्य करावा लागतो. सर्वांना दिसेल असे मैदान बांधणे, हाही एक न्यायच आहे.

कुस्तीच्या मैदानात हलगी कडाडते. हलगीवाल्याला कुस्ती उत्तम कळते. पकड बसली की ताल चढतो, पैलवान बाजूला झाले की उतरतो. त्याचे नाव इनामाच्या यादीत नसते, पण त्याच्यावाचून मैदान उभे राहत नाही, हे आम्ही मुलांना मुद्दाम दाखवले. आमच्याशेजारी एक हमाल बसले होते. घिस्सा कधी मारावा, ढाक लावताना कंबर किती खाली न्यावी, एकलांगीतून सुटायचे कसे, हे ते आमच्या पोरांना हाताने करून दाखवत होते. २०२३ च्या जानेवारीत पुण्यात महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला लावलेल्या टांगेचे ४ गुण योग्य होते की नाही, यावर त्यांच्या मागच्या रांगेत अजून भांडण चालू होते. दोन्ही बाजू चिडलेल्या, पण दोघेही खांदा किती अंशात फिरला यावरच बोलत होते. जातीवर नाही, गावावर नाही. असे भांडण आम्हाला आवडले.

सांगली जिल्ह्याची नावे घ्यावीत तेवढी थोडी. १९६१ चे पहिले महाराष्ट्र केसरी दिनकर दह्यारी सांगलीचे. शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० चे हिंदकेसरी, तर कवठेपिरानचे मारुती माने १९६४ चे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत या दोघांनीही पदके आणली. आणि मुलीला का नेता, याचे उत्तर असे : २०२३ च्या मार्चमध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली आणि तुंगच्या प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून गदा जिंकली. आमच्या मुलीने हे दोनदा सांगायला लावले.

पालकहो, पैलवानकी म्हणजे दूध, बदाम, थंडाई आणि न परवडणारा खर्च, असे आपण म्हणतो. मोठ्या गदेच्या कुस्तीसाठी ते बरेचसे खरे आहे. पण गादीवर वजनाचे गट असतात. आपल्या घरातले हलक्या अंगाचे, चपळ पोर तिथे आपल्याच वजनाच्या पोराशी लढते. खाशाबा ५७ किलोंतच जगात तिसरे आले. तेव्हा वस्तीच्या व्यायामशाळेत एक गादी यावी, यासाठी ग्रामपंचायतीकडे, नगरपालिकेकडे अर्ज करा आणि अर्जाची पोच घ्या. पोराला मातीत जरूर उतरवा, दम तिथेच तयार होतो. पण गुणांचा तक्ता त्याच्या वहीत उतरवून द्या. स्पर्धेला त्याला एकटे पाठवू नका. नियम वाचलेले एक माणूस सोबत असू द्या.

आणि ज्यांना लढता येत नाही पण कुस्ती कळते, त्या तरुण मुला-मुलींनी पंचाचे शिक्षण घ्यावे. मैदानाच्या कडेला बसून आपण इतकी वर्षे बरोबर निकाल देत आलो. आता तो निकाल शिट्टी हातात घेऊन देण्याची वेळ आहे.