काकाजींच्या गोळ्या

रोज सकाळी फळ्यावर तारीख आणि मराठी महिना मी स्वतः लिहितो. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत बावीस वर्षं गेली, आणि मिरवावं असं माझ्याजवळ एकच, ते म्हणजे अक्षर. गेल्या ऑगस्टमध्ये चौथीतली एक पोरगी म्हणाली, "सर, तुमचा श्रावण हलून रायला जी." वर्ग हसला. मीही हसलो आणि फळा पुसून टाकला.

हात हलतो हे मला तिच्या आधीपासून माहीत होतं. मे महिन्यात मी अकरा रात्री झोपलो नव्हतो. शाळेच्या मागे स्वखर्चाने तारांगण बांधायचं ठरवून एका गवंड्याला चाळीस हजार रुपये देऊन मोकळा झालो होतो. बायकोने गोंदियाच्या डॉक्टरांकडे नेलं. बायपोलर, असं निदान झालं. जूनपासून लिथियम सुरू झालं. झोप आली, तारांगण डोक्यातून उतरलं. आणि त्याच्याबरोबर तहान आली, तोंडात तांब्याच्या भांड्यासारखी चव आली, बोटांना बारीक कंप आला.

हे होईल असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. जास्त वाटलं तर लगेच कळवा, असंही सांगितलं होतं. मी कळवलं नाही. मला आजारापेक्षा गोळीची भीती होती, आणि ती भीती माझ्या काकाजींच्या नावाची होती.

गोष्ट १९९४ सालची. गोंदिया जिल्हा व्हायला अजून पाच वर्षं होती. आम्ही भंडाऱ्यातच मोडत होतो. काकाजींना आवाज ऐकू यायचे. त्यांना नागपूरला दाखवलं. तिथे जायचं म्हणजे एसटी बदलत बदलत अख्खा दिवस आणि मजुरी बुडायची ती वेगळी. आवाज थांबले, पण काकाजी लाकडासारखे झाले. चालताना हात अंगाला चिकटलेले, पाय घासत टाकायचे, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. मी तेव्हा डी.एड.ला होतो. दिवाळीला घरी आलो, त्यांना पाहिलं, आणि गोळ्यांची पुडी उचलून घरामागच्या बोडीत फेकली. "ह्या गोळ्यांनी माणूस जिता राहून मरते," असं आईला ऐकवलं. घरात शिकलेला मी एकटा. माझं ऐकलं गेलं.

थोड्या दिवसांत काकाजींचं अंग मोकळं झालं. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. होळीच्या सुमारास आवाज परत आले. पुढची नऊ वर्षं मी इथे लिहिणार नाही. त्यांच्या खोलीला कडी बाहेरून होती, एवढंच.

त्या नऊ वर्षांनीही माझं मत बदललं नाही, ही खरी लाजेची गोष्ट. कोणी मनाच्या आजाराच्या गोळ्यांबद्दल विचारलं की मी काकाजींचं लाकूड झालेलं अंग सांगायचो. कडीचं कधी सांगितलं नाही.

तर आता पाळी माझी होती, आणि मी गुपचूप स्वतःवरच उपाय सुरू केले. तहान ही गोळीची खोड, तिचे लाड करायचे नाहीत, म्हणून पाणी कमी केलं. तासाला दोनदा वर्ग सोडून जावं लागायचं, तेही त्यामुळे टळेल असं वाटलं. गोळीने रक्त बिघडत असणार म्हणून मीठ जवळजवळ सोडलं. श्रावणी सोमवार धरलेच होते. त्यात रोवणा आला. दोन एकर धान, मजूर मिळेनात. शाळा सुटली की बांधीत उतरून पऱ्ह्याच्या पेंड्या वाहायचो. कंबर धरली. मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची पट्टी आणली आणि रोज दोन गोळ्या घ्यायला लागलो. त्या गोळीचं मला काहीच वाटलं नाही. ती कंबरेची होती ना.

श्रावण हलला तो याच दिवसांत. नंतर चहाचा कप हलायला लागला. जुलाब सुरू झाले, जीभ जड झाली, धुऱ्यावरून चालताना तोल जाऊन दोनदा चिखलात बसलो. मी मनात म्हटलं, झालं, काकाजी झालो. आणि लिथियमची पट्टी घेऊन त्याच बोडीकडे निघालो. बायको मागून आली. तिने पट्टी हिसकली नाही, भांडली नाही. म्हणाली, "फेकायची तर डॉक्टरसमोर फेका. उद्याच्या गाडीने चला." बल्लारशाहून गोंदियाला जाणाऱ्या गाडीत ती सगळा वेळ माझा दंड धरून बसली होती.

डॉक्टरांनी दोन्ही हात समोर धरायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. पंखा बंद होता. शेवटची गोळी केव्हा घेतली ते विचारलं, बारा तास होऊन गेलेत याची खात्री करून रक्त घेतलं आणि अहवाल येईपर्यंत लिथियम बंद, असं सांगितलं. माझी छाती फुगली. पाहा, म्हणत होतो ना!

मग त्यांनी विचारलं, "आणखी कोणती औषधं चालू आहेत, गुरुजी?"

"काहीच नाही."

बायकोने पिशवीतून कंबरेच्या गोळ्यांची रिकामी पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. तिच्याशेजारी दुसरी. मग तिसरी. एकेक ठेवताना ॲल्युमिनियमचा चुरचुर आवाज होत होता. डॉक्टर त्या पट्ट्यांकडे पाहत होते, मी पायाकडे. पाणी किती पिता, मीठ किती खाता, घाम किती येतो, एकेक प्रश्न आला आणि एकेक उत्तर मी दिलं. मुलं गृहपाठ न केल्याचं कबूल करतात तसं.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. जूनमध्ये ०.८ असलेला रक्तातल्या लिथियमचा आकडा १.५ झाला होता. डॉक्टरांनी समजावलं ते असं: लिथियम हा एक क्षारच. शरीरातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि त्याच्यासोबत लिथियमही. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्याही ते बाहेर पडू देत नाहीत. आवर्तसारणीत लिथियम सोडियमच्या बरोबर वर बसतं, हे मी विज्ञान शिकलेला माणूस डोळे मिटून सांगेन. पोटात गेल्यावर ते तिथेच बसतं, हे मात्र सुचलं नाही. उन्हाळ्यात मामा तलाव आटला की उरलेल्या पाण्यात गाळच गाळ होतो. तसा मी माझा तलाव स्वतःच्या हाताने आटवत होतो, आणि दोष गोळीला देत होतो.

उठता उठता मी काकाजींचं विचारलं. ते आखडलेलं अंग, ती लाळ. डॉक्टर म्हणाले, "आवाजांवरच्या जुन्या औषधांनी व्हायचं तसं. त्यावर तेव्हाही गोळी होती. डोसही कमी करता आला असता. तुम्ही परत जाऊन सांगितलं होतं का?"

त्यांनी सहज विचारलं होतं. मी खुर्चीत परत बसलो. तीस वर्षं मी गोळीवर खटला चालवला होता आणि साक्षीदार म्हणून काकाजींना उभं केलं होतं. पण त्यांचं अंग आखडलंय हे ज्याला सांगायचं, त्यालाच आम्ही सांगितलं नव्हतं. एसटीचं भाडं होतं. वेळही होता. मी बोडीपर्यंत चालत गेलो होतो, एवढंच काय ते अंतर मी कापलं.

लिथियम आठवड्याने कमी डोसवर परत सुरू झालं. आता आकडा ०.७ आहे. कंबर दुखली तर पॅरासिटामॉल, तीही विचारून. मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी दर सहा महिन्यांनी. पाण्याची बाटली टेबलावर असते आणि मुलं ती भरायला भांडतात. बोटांचा कंप पूर्ण गेला नाही. 'ळ' काढताना कळतो. तोंडातली चव तशीच. वजन चार किलो वाढलं, त्याचा राग येतो. राग आला की वहीत लिहितो आणि पुढच्या खेपेला वही घेऊन जातो.

आईला सगळं सांगितलं ते पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी. ती सुपात तांदूळ निवडत होती. काकाजींच्या आखडण्यावर तेव्हाही गोळी होती, असं म्हणालो. तिने दोन खडे काढून बाजूला ठेवले.

"मंग आपुन गेलो काऊन नाही?" तिने विचारलं.