त्रैक्याचा विचार

गुलबर्ग्याहून आळंदच्या रस्त्याला लागले, की काळ्या जमिनीच्या आणि तुरीच्या शेतांच्या पट्ट्यात कडगंची हे माझे गाव लागते. मराठी वाचकास हे नाव कदाचित परिचित नसेल. परंतु त्या गावाचे ऋण त्याच्या घरातील देव्हाऱ्यापर्यंत पोचलेले असते, कारण ज्या 'गुरुचरित्रा'चे सप्ताह महाराष्ट्रात गावोगाव बसतात, त्या ग्रंथाचा कर्ता सरस्वती गंगाधर हा या कडगंचीच्या सायंदेवाच्या वंशातला. सायंदेव हा श्रीनृसिंहसरस्वतींचा शिष्य. त्याचा पुत्र नागनाथ, नागनाथाचा देवराव, देवरावाचा गंगाधर आणि गंगाधराचा सरस्वती. मूळ पोथी आमच्याच गावी जपली गेली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. त्याच ग्रंथाच्या एकेचाळिसाव्या अध्यायात सायंदेवाच्या मुखी कानडी पदे येतात, आणि ती ऐकताना आमच्या गावच्या श्रोत्यांना आपण आपल्याच अंगणात उभे असल्याचा भास होतो. अशा गावी ज्याचे बालपण गेले, त्याच्या चित्तात 'तीन देव आणि एकच मूर्ती' ही कल्पना अक्षरओळखीच्याही आधी रुजते, यात नवल नाही.

मार्गशीर्षात दत्तजयंतीचा सप्ताह बसला, की चौथा अध्याय केव्हा येतो याची आम्ही मुले वाट पाहत असू. अत्रीच्या आश्रमी तिन्ही देव अतिथी होऊन येतात, अनसूयेच्या पातिव्रत्याच्या सामर्थ्याने ते बाळे होतात, आणि पुढे ब्रह्मा चंद्ररूपाने व रुद्र दुर्वासरूपाने मातेचा निरोप घेऊन गेल्यावर दत्त तेवढा मातेपाशी राहतो व त्याच्या ठायी तिन्ही देवांचा वास मानला जातो, ही कथा माझे आजोबा इतक्या तन्मयतेने सांगत, की तीन एक कसे झाले हा प्रश्न विचारण्यास जागाच उरत नसे. तीन शिरे, सहा हात, भोवती श्वान आणि मागे गाय. डोळ्यांना जे दिसत होते, ते बुद्धीने कशाला नाकारावे?

प्रश्न म्हणून हा विषय माझ्यापुढे प्रथम उभा राहिला तो गुलबर्ग्यास शाळेत असताना. आम्हांस इंग्रजी शिकविणारे मास्तर मूळचे बीदर जिल्ह्यातले; त्या जिल्ह्यात अमेरिकन मेथडिस्ट मिशनचे कार्य दीर्घकाळ चाललेले, आणि मास्तरांचे घराणेही त्याच मंडळीतले. वडील निजामाच्या अमदानीत कचेरीत पेशकार होते. 1948 च्या पोलीस कारवाईनंतर दप्तराची उर्दू भाषा मागे पडली, तरी त्यांच्या बोलण्यातून मिसल, फैसला, हुद्दा हे शब्द कधीच गेले नाहीत. मास्तर संध्याकाळी घरी येत, आणि ओसरीवर दोघांचा संवाद रंगे. एकदा वडील मोठ्या आपुलकीने म्हणाले, "मास्तर, तुमचा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा म्हणजे आमच्या तालुकदारासारखेच झाले की. वसुलीच्या कामी तोच, फौजदारी कामी तोच, आणि घरी गेला की मुलांचा बापही तोच. माणूस एक, हुद्दे तीन." मास्तरांनी मान हलविली. ते म्हणाले, "पेशकारसाहेब, तालुकदार एका वेळी एकाच खुर्चीत बसतो. आमच्या शास्त्रात यार्देन नदीवर येशूचा बाप्तिस्मा होतो तेव्हा पुत्र पाण्यात उभा आहे, आत्मा कबुतराच्या रूपाने उतरतो आहे, आणि पित्याचा शब्द आकाशातून ऐकू येतो आहे. तिघेही एकाच क्षणी. पिता पुत्रावर प्रीती करतो असे आम्ही म्हणतो. हुद्दा हुद्द्यावर प्रीती करील काय?"

वडिलांनी यावर पुष्कळ वेळ विचार केला, आणि मीही केला. पुढे ग्रंथ वाचू लागलो तेव्हा कळले, की वडिलांचा दृष्टांत काही नवा नव्हता. सबेलियस नावाच्या आचार्याच्या नावाने ओळखले जाणारे तिसऱ्या शतकातील मत हेच, आणि प्राचीन चर्चने ते जवळजवळ मास्तरांनी दिलेल्याच कारणास्तव अमान्य केले होते. ओसरीवरच्या त्या संवादात इतका जुना वाद अनाहूतपणे उभा राहिला, याचे मला आजही अप्रूप वाटते.

आमच्या मुलुखात 'देव एक' हा उद्घोष फार जुना आहे. बाराव्या शतकात कल्याणास बसवेश्वरांनी आणि त्यांच्या शरण अनुयायांनी एकनिष्ठ शिवभक्तीचा पुकारा केला. गुलबर्ग्यास 1422 साली समाधिस्थ झालेल्या ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्यात ईश्वराच्या एकत्वाचे चिंतन आजवर चालू आहे. फारसी शिकविणारे आमचे मुन्शी मास्तरांवर अतिशय लोभ करीत. परंतु ईश्वरास पुत्र असणे हे त्यांना अखेरपर्यंत मान्य झाले नाही, आणि त्यांचा आक्षेप विचार करण्याजोगा होता. ज्यूंच्या परंपरेत वाढलेल्या, दिवसातून दोनदा परमेश्वर एकच असल्याचा घोष करणाऱ्या येशूच्या कोळी आणि जकातदार शिष्यांनी हे त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हे मत, स्वीकारावे तरी कशाच्या बळावर? कोणा तत्त्वज्ञाने एकांतात बसून मांडलेले हे प्रमेय असते, तर ते अशा माणसांनी एका दिवसात फेकून दिले असते. मला वाटते, या सिद्धांताचे मर्म इथेच आहे. त्या माणसांना आधी अनुभव आला. एकमेव देवाची ते उपासना करीत होते. नासरेथच्या येशूच्या सहवासात तोच देव आपल्यासमोर उभा आहे अशी त्यांची खात्री पटली. आणि येशू गेल्यानंतरही तोच देव आपल्या अंतःकरणात कार्य करीत आहे हे त्यांनी अनुभवले. तिन्ही अनुभव खरे, आणि देव मात्र एकच. या चारही गोष्टींपैकी एकही न सोडता काय बोलावे, एवढ्यासाठी पुढल्या तीन शतकांची सारी खटपट झाली.

त्या खटपटीचा इतिहास मी प्रौढ वयात पुन्हापुन्हा वाचला. अलेक्झांड्रियाचा एरियस हा धर्मोपदेशक म्हणे, की पुत्र हा सर्व सृष्टीत श्रेष्ठ खरा, परंतु निर्माण झालेलाच. तो नव्हता असाही एक काळ होता. 325 साली सम्राट कॉन्स्टंटाइनने निकिया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझनिक या गावी, धर्माध्यक्षांची परिषद भरविली आणि तिने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असा फैसला दिला. परंतु फैसला झाला म्हणून तंटा मिटत नाही, हे कचेरीत आयुष्य काढलेल्या वडिलांस मी सांगितले असते तर त्यांस लगेच पटले असते. राजसत्तेचे वारे फिरले, आणि निकियाच्या बाजूने उभा राहिलेला अथानेशियस पाच वेळा हद्दपार झाला. त्याचा युक्तिवाद मात्र शब्दांच्या काथ्याकुटाचा नव्हता. निर्माण झालेला कोणीही, तो कितीही थोर असो, मनुष्यास देवाशी जोडू शकणार नाही. जोडणारा स्वतः देवच हवा, असे तो म्हणे. गुरूच्या ठायी साक्षात परब्रह्म नसेल तर गुरू तारील कसा, असे विचारणाऱ्या दत्तसंप्रदायात ज्याचे बालपण गेले, त्याला अथानेशियसची ही कळकळ परकी वाटण्याचे कारण नाही. पुढे कपाडोकियाच्या बेसिलने आणि दोघा ग्रेगरींनी या विचारास घाट दिला, आणि 381 च्या कॉन्स्टँटिनोपल येथील परिषदेने पवित्र आत्म्याचीही पिता-पुत्रांबरोबर उपासना व्हावी असे ठरविले.

आपल्या भाषेतही हा विचार आला त्याला चारशे वर्षे होऊन गेली. 1579 साली गोव्यास आलेला इंग्रज जेज्वीट थॉमस स्टीफन्स याने मराठी ओवीत रचलेले 'क्रिस्तपुराण' 1616 साली राचोल येथे छापले गेले. सरस्वती गंगाधराने जो छंद वापरला तोच छंद, आणि देवपित्याच्या वंदनाने आरंभ. ज्या कानांना पोथीची लय अंगवळणी पडलेली आहे त्यांनी तो ग्रंथ एकदा मोठ्याने वाचावा.

परंतु या प्रश्नाशी ज्या मराठी व्यक्तीने सर्वांत प्रामाणिकपणे झुंज घेतली ती पंडिता रमाबाई, असे माझे मत आहे. त्यांचा जन्मही कर्नाटकातला, 1858 साली गंगामूळच्या अरण्यातला. 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर लगेचच ज्या साध्वींनी आणि विदुषींनी त्यांना आश्रय दिला होता त्यांच्याशीच त्यांचा वाद सुरू झाला. ख्रिस्ताचे देवत्व आणि त्रैक्य हे चर्च सांगते एवढ्याच कारणास्तव आपण मान्य करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. आश्रित परदेशी विधवेने, पदरी लहान मुलगी असताना, अशी भूमिका घेण्यास केवढे धैर्य लागले असेल! सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या मिस डोरोथिया बील यांच्याशी झालेला हा पत्रव्यवहार 1977 साली ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला, तेव्हा मी पुण्यास नोकरीत होतो; तो वाचल्यावर गुलबर्ग्याच्या गाडीतून केडगाव स्थानक मागे पडताना मी नेहमी खिडकीशी सरकून बसू लागलो, कारण रमाबाईंच्या मुक्ती मिशनची ती भूमी. ज्या बाईने त्रैक्य सहजी स्वीकारले नाही, तिनेच पुढे त्याच श्रद्धेच्या आधारे दुष्काळातल्या शेकडो अनाथ मुलींना केडगावी पदराखाली घेतले, आणि आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू व ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणण्यात वेचली. 1922 साली ते काम संपत आले आणि त्यांनी देह ठेवला. त्यांचे शंकेचे दिवस आणि श्रद्धेचे दिवस मला विलग करता येत नाहीत. शंका घेतली म्हणूनच ती श्रद्धा त्यांची स्वतःची झाली.

असे वाचन पुष्कळ झाले. तथापि जे समजले ते मास्तरांमुळेच. सेवानिवृत्त होऊन मी गावाकडे परतलो तेव्हा मास्तर फार वृद्ध झाले होते, आणि त्याच वर्षी त्यांची पत्नी वारली. भेटावयास गेलो असता ते स्वस्थ बसून होते. मी विचारले, "मास्तर, प्रार्थना होते का?" ते म्हणाले, "शब्द सुचत नाहीत. पण प्रेषित पौलाने लिहून ठेवले आहे, की आम्हांला प्रार्थना करता येत नाही तेव्हा आत्माच आमच्या आतून कण्हतो. मी नुसता बसतो. तो पुत्राच्या द्वारे पित्यापाशी पोचवतो." इतक्या वर्षांत त्यांनी केलेले हे सर्वांत लहान निरूपण. प्रार्थना जो ऐकतो तो देव, ज्याच्याद्वारे ती पोचते तोही देव, आणि मनुष्याची वाचा बंद पडली असता त्याच्या अंतरात जो प्रार्थना करतो तोही देवच. अशा रीतीने शोकाकुल माणूस ईश्वराच्या स्वतःच्याच अंतर्गत प्रीतीत सामावून घेतला जातो. ख्रिस्ती धर्म देवाला प्रीती म्हणतो. सृष्टी नव्हती तेव्हा तो कोणावर प्रीती करीत होता, या प्रश्नाचे उत्तर त्रैक्यात आहे. देव कधीच एकाकी नव्हता.

यानंतर दत्ताच्या देवळात बसलो असता त्रिमूर्ती आणि त्रैक्य यांतील भेद मला अधिक स्वच्छ दिसू लागला, आणि तो दिसल्याने माझ्या दत्तभक्तीस काडीचाही उणेपणा आला नाही. आमच्या त्रिमूर्तीत उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी कार्यांची वाटणी आहे. त्रैक्यात अशी वाटणी नाही. निर्मिती, तारण आणि पावित्र्य ही सारी कार्ये तिघांची मिळून. भेद आहे तो केवळ परस्परसंबंधांचा, की पिता कोणापासून नाही, पुत्र पित्यापासून जन्मलेला आणि आत्मा पित्यापासून निघालेला. आत्मा पुत्रापासूनही निघतो काय, यावर पूर्व आणि पश्चिमेकडील चर्चांचा वाद आजही संपलेला नाही. दत्ताच्या कथेत तीन देव एका घरी येऊन एक होतात. त्रैक्यात एक होण्याचा प्रसंगच नाही, कारण ते कधी निरनिराळे नव्हतेच. गाणगापुरास भीमा-अमरजेच्या संगमावरून येऊन ज्याने निर्गुण पादुकांपुढे माथा टेकविला आहे, त्यास रूपापलीकडे जाण्याची सवय असते. म्हणून त्रैक्य समजून घेण्यास आमच्या भागातला दत्तभक्त अपात्र नाही, उलट इतरांहून थोडा अधिकच पात्र आहे, अशी माझी धारणा आहे. फक्त त्याने घाई करू नये.

बीदर-गुलबर्ग्याच्या आमच्या मुलुखात मेथडिस्ट आणि कॅथलिक मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आमच्या शेजारी राहत आहेत. पेंटेकॉस्टच्या सणानंतरच्या रविवारी, बहुधा मृगाच्या पावसाच्या आगेमागे, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या मंदिरांत त्रैक्य रविवार पाळला जातो. त्या दिवशी कोणी शेजारी भेटला, तर 'हे तर आमच्या त्रिमूर्तीसारखेच' असे म्हणून त्याचे बोलणे आटोपते घेऊ नका. तो प्रार्थना कशी करतो एवढेच त्याला विचारा, आणि तो सांगेल तोवर ऐका.