पावसातली हँगिंग गार्डन

मलबार हिलवरच्या फिरोजशहा मेहता उद्यानाला आपण ‘हँगिंग गार्डन’ म्हणतो. समोरचा म्हातारीचा बूट पाहून झाला की मुलं इकडे धावतात. पण १८८१ च्या सुमारास केलेल्या या बागेच्या पोटात दक्षिण मुंबईला पाणी पुरवणारी टाकी आहे, हे कितीजणींना ठाऊक असतं?

बाग खरी पाहावी ती जुलैत. गर्दी कमी, काम मात्र जोरात! झुडपं कातरून केलेली जनावरं पावसात हां हां म्हणता वाढतात अन् आकार हरवतात. उघडीप मिळाली की माळ्याची कात्री चालते. तण मात्र भर पावसातच काढायचं. प्लॅस्टिकची खोळ घेतलेली एक बाई खुरपं चालवत म्हणाली, “ओल्यात मुळासकट येतंय बघा ताई. उन्हात नुसता शेंडा तुटतो.”

तिच्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. “रात्री पाय कोरडे करून तेल लावते. सकाळी पुन्हा हेच.”

तेव्हा मैत्रिणींनो, पावसात बागेत गेलात तर पायवाट सोडू नका. ओल्या हिरवळीवर पाय पडला की माती दबते, नि ती मोकळी करायला पुन्हा तिलाच वाकावं लागतं.