बहिणीचे एकाहत्तर टक्के

१९९४ चा जून. मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा माय रोजानं निंदाले गेली होती. मी नववीत एकदा गचकलेलो, म्हणून धाकटी बहीण अन् मी एकाच वर्षी बसलो. तिला ७१ टक्के, मला ५४.

बाप म्हणाला, "पोट्टी हुशार हाय. पण पोट्ट्याले अमरावतीले धाडतो. एकाचाच खर्च निभते."

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. कोणी काही बोललं नाही. मीही नाही. तेच सांगायला हे लिहितो आहे.

मी कॉलेजात गेलो, ती मायसोबत नर्सरीत. आमचं शेंदूरजनाघाट संत्र्याच्या कलमांचं गाव. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. मुळं जंबेरीची, नाव संत्र्याचं. माझ्या खानावळीचे पैसे तिच्या रोजातून येत. मला ते ठाऊक होतं.

दोस्तहो, पोरी अभ्यासात मागे, हे आता कोणी म्हणू नये. २०२५ च्या दहावीत राज्यातल्या ९६.१४ टक्के मुली पास झाल्या, मुलं ९२.३१. दरवर्षीचं हेच आहे. तरी २०१८ साली आयआयटीत मुलींसाठी जादा जागा काढाव्या लागल्या. त्याआधी तिथे शंभरात दहाही मुली नव्हत्या. दहावीत पुढे असलेली पोरगी दोन वर्षांत मठ्ठ होते काय? दहावी गावच्या शाळेत शिकून पास होता येते. प्रवेश परीक्षेला क्लास लागतो, फी लागते, परगावी खोली लागते. तो पैसा कोणावर लावायचा, हे पेपर हाती येण्याआधीच घरात ठरतं. आपल्या घरातही.

नापास होऊन संत्र्याच्या पेट्या उचलणाऱ्या पोट्ट्यांची काळजी जरूर करा. पण बहिणीचा वाटा काढून नको.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, समाजाची प्रगती मी स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. त्या मापानं आमचं घर नापास.

२०२५ ला बहिणीची पोरगी दहावी झाली. क्लासच्या फीचा विषय निघाला. दाजी म्हणाले, "पोरीवर एवढा पैसा?" बहीण उठली. पेटीतून स्वतःची जुनी मार्कशीट काढून माझ्यापुढे ठेवली.

"दादा, तवा तू काई बोलला नाई. आता बोल."

एकतीस वर्षांनी मी बोललो.