सावलीतल्या खिडकीचा जमाखर्च



पुनर्विकासात आपल्यापैकी कितीजणींच्या घरासमोर उंच इमारती उभ्या राहिल्या! पुण्यातल्या आमच्या गॅलरीतही आता ऊन येत नाही. सासूबाईंनी लावलेला मोगरा मी धाकट्या जावेच्या गच्चीवर नेऊन दिला. मन जड झालं. पण मोगरा, गुलाब, जास्वंद यांना रोज पाच-सहा तास ऊन लागतं. झाडही एकेंद्रिय जीवच. केवळ आठवण म्हणून त्याला सावलीत झुरत ठेवणं मला पटेना.

रिकाम्या झालेल्या जागेत काय लावायचं, हे मी जमाखर्च मांडूनच ठरवलं. (बी.कॉम. झाल्याला चाळीस वर्षं उलटली, तरी सवय जात नाही!) झाडाला उजेड ही जमा, पाणी हा खर्च. जमा कमी असेल तिथे खर्च हात राखूनच करायचा.

आधी जमा मोजा. दुपारी बारा वाजता कुंडीच्या जागी हात धरा. हाताची सावली अंधुक पण ओळखू येत असेल, तर बिगोनिया, कोलिअस, पीस लिली, नेचा छान येतात. विड्याच्या पानांच्या वेलालाही कडक उन्हापेक्षा सावलीच मानवते. सावली जवळजवळ पडतच नसेल, तर स्नेक प्लांट, झीझी प्लांट, मनी प्लांट लावा. ती सावकाश वाढतात, पण टिकतात. खिडकीच्या लांबट कुंडीत कडेला स्पायडर प्लांट लावला की पानं ग्रिलवरून सुंदर खाली झुकतात.

घरात रांगतं नातवंडं असेल तर मनी प्लांट, पीस लिली, झीझी उंचावर ठेवा. त्यांची पानं चावली तर तोंडाची आग होते. स्पायडर प्लांटची ती भीती नाही.

आता खर्च. सावलीत माती लवकर वाळत नाही. बोट दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तरच पाणी द्या. मातीत कोकोपीट आणि थोडी जाडसर वाळू मिसळा, म्हणजे मुळं कुजत नाहीत. कुंड्या दाटीने ठेवू नका. हवा खेळती नसली की पिठ्या ढेकूण येतो. खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. साधारण आठ-दहा दिवसांत त्यात डास तयार होतात. आधी जीव जन्माला घालायचे आणि मग फवारा मारायचा, त्यापेक्षा ताटली रोज कोरडी करणं सोपं. यत्नाचार म्हणजे तरी दुसरं काय?

मनी प्लांट, कोलिअसच्या फांद्या लावायच्या असतील तर ज्येष्ठातच लावा. हवेत ओल असते, मुळं पटकन धरतात, आणि चातुर्मास लागल्यावर हिरव्याला कात्री लावावी लागत नाही.