कारवीचे वर्ष

दिवाळी आली की व्यापारी नव्या चोपड्यांची पूजा करतो. आपल्यापाशी चोपड्या नसल्या तरी हिशेब आपणही मांडतोच. सरत्या वर्षाने काय दिले, काय नेले, याचा जमाखर्च फराळाच्या ताटापाशी बसून प्रत्येकजण मनातल्या मनात करीत असतो. ज्याच्या घरी यंदा एक ताट कमी वाढायचे असते, त्याला हा हिशेब फार जड जातो. खर्चाची बाजू तेवढी भरलेली, जमेची कोरी! मग दैवावरचा आणि त्याहीपेक्षा उद्यावरचा त्याचा विश्वास उडून जातो.

पण हिशेबाचे वर्ष बाराच महिन्यांचे असते, हे आपल्याला सांगितले कुणी?

आमच्या गावामागच्या डोंगरावर कारवी आहे. भीमाशंकर, माथेरान, खंडाळा या बाजूला हिंडलेल्या माणसाला ती परकी नाही. दिसायला अगदी साधे झुडूप. पावसात खरखरीत पानांनी हिरवे व्हावे आणि उन्हाळ्यात नुसत्या काटक्या होऊन उभे राहावे, हा तिचा क्रम. त्या काटक्या कुडाच्या भिंतींना उपयोगी पडतात. वरून शेणमातीचा गिलावा दिला की गरिबाचे घर उभे राहते. उतारावरची माती तिची मुळे धरून ठेवतात. एरवी तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. अशी सात वर्षे जातात आणि मग एका पावसाळ्यात, श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास, सारा डोंगर एकदम जांभळा होतो! मधमाश्यांना तर पर्वणीच. २०१६ साली बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात असा बहर आला होता. हिचीच दक्षिणेकडची बहीण नीलकुरिंजी. ती बारा वर्षांनी फुलते. २०१८ साली मुन्नारचे डोंगर तिने निळे केले होते. पण हा बहर अखेरचा असतो. एकदा फुलली की कारवी मरते.

ज्या वर्षी आमचा डोंगर फुलला, त्याच वर्षी आषाढात माझी पत्नी गेली. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. समाचाराला येणारे म्हणत, 'काळ हेच औषध, मास्तर.' मी मान डोलवीत असे. वर्गात मुलांकडून ऋतूंची नावे घोकून घ्यावी लागत. शिशिरानंतर पुन्हा वसंत, असे ती एका सुरात म्हणत. आणि मला वाटे, हे 'पुन्हा' झाडांपुरतेच आहे!

भाद्रपदात मुलीने हट्ट धरला म्हणून तिला घेऊन डोंगरावर गेलो. त्या जांभळ्या रंगाचा मला संतापच आला. नायिका रडू लागली की बाहेर पाऊस कोसळायला लागतो, हा आम्हा कादंबरीकारांचा आवडता प्रसंग. इथे माझ्या घरात काळोख आणि डोंगराने मात्र पैठणी नेसलेली! माझ्या दुःखाची त्याला दादही नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात तोच डोंगर भकास झाला. जिकडे पाहावे तिकडे मेलेल्या काटक्या आणि त्यांवर वाळलेली बोंडे. ज्येष्ठात पहिला पाऊस पडला, त्या दिवशी आम्ही दोघे पायथ्याशी होतो. एकाएकी चहूकडून तट् तट् असा आवाज येऊ लागला. मुलगी घाबरून मला बिलगली. गुरे राखणारे एक आजोबा शेजारीच इरले घेऊन उभे होते. ते म्हणाले, "मास्तर, बी उडतंय."

वाळलेले बोंड भिजले की फुटते आणि आतले बी दूर फेकले जाते. म्हणजे बी जमिनीला लागते तेव्हा आई उरलेलीच नसते. आपले एकही रोप तिने पाहिलेले नसते. मुलीला मी हे समजावून सांगितले. तिने विचारले, "मग त्यांना वाढवतं कोण, बाबा?"

"पाऊस. आणि हा डोंगर."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि मला तुम्ही."

त्या दिवशी माझे दुःख हलके झाले असे मी म्हणणार नाही. निसर्ग कुणाचे सांत्वन करीत नाही; त्याला तेवढी सवड नसते. मात्र तो पेरायचे विसरत नाही. बहर पाहायला मिळेल या भरवशावर जगणे, याला मी आशा म्हणत होतो. कारवीला तो भरवसाही नसतो, तरी मरण्यापूर्वी ती आपली बोंडे भरून ठेवते. श्रद्धा म्हणतात ती याहून निराळी काय असणार?

त्या रोपांचा यंदा सहावा पावसाळा झाला. ती माझ्या मुलीच्या डोक्यावर गेली आहेत. कळी अजून एकही नाही. दर चैत्रात त्यांच्या काटक्या होतात, आणि पाहुणे विचारतात, 'हे रान जळले काय?' अकरा वर्षांची माझी मुलगी त्यांना हसून सांगते, "नाही हो, वाढतंय."

यंदा चकलीची भाजणी तिने केली. आईची पाककृतींची वही समोर उघडून, एकेक माप बघून. चकल्या थोड्या मोडल्या. आईचे अक्षर मात्र तिला आता घडाघडा वाचता येते.