काळ मागे नेणारा खंजीर

दोस्तांनो, ‘संगणकावरचे खेळ खेळू नका’ असं सांगायला मी आलेलो नाही बरं का! उलट एका खेळाचा मी जुना भक्त आहे. त्याचं नाव ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’.

अमेरिकेतल्या जॉर्डन मेकनर या तरुणाने तो १९८९ मध्ये तयार केला. तळघरात कोंडलेला वीर, वाटेत अणकुचीदार सुळे, कोसळणाऱ्या फरश्या, तलवारबाज पहारेकरी आणि राजकन्येला सोडवायला फक्त साठ मिनिटं! मेलात तर पुन्हा उठायचं, पण घड्याळ काही थांबत नाही. आठवीत असताना मी चिंचवडला मामाच्या ऑफिसात दर रविवारी तो खेळायचो. त्या वीराची उडी इतकी खरी का वाटते, ठाऊक आहे? मेकनरने १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि एकेक चित्र गिरवून संगणकात उतरवलं. भाऊ मोठा झाला, उडी मात्र तेवढीच राहिली!

पुढे या मालिकेत पुष्कळ खेळ आले. २००३ च्या ‘सँड्स ऑफ टाइम’मध्ये राजपुत्राला जादूचा खंजीर मिळतो. कड्यावरून पडलात? कळ दाबून धरा, काळ उलटा फिरतो आणि तुम्ही पुन्हा काठावर! पण खंजिरातली वाळू संपली की जादू बंद.

परवा माझी पुतणी हाच खेळ खेळत होती आणि तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील, मागे बसून बघत होते. आमचं गाव मुळशी तालुक्यातलं माण. हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा इथंच आला. आमची भातखाचरं होती तिथून आता रुंद रस्ता गेलाय. पडलेला राजपुत्र उलटा वर चढलेला पाहून आजोबा म्हणाले, “व्हय गं पोरी, असं मागं जाता येतंय? मग आपल्या खाचरापातुर ने की!”

ती हसली. मग एकदम गप्प झाली. “नाही हो आजोबा, थोडंसंच मागं जातं.”

या खेळाचा शेवट सांगू? राजपुत्र सगळाच काळ उलटा फिरवतो. संकट टळतं, पण घडलेलं आठवतं फक्त त्याला. त्याची सोबतीण फराह त्याला ओळखतसुद्धा नाही! तेव्हा तो तिला सगळी हकिकत सांगतो. आपण इतका वेळ खेळलो, ती हीच हकिकत!

पुतणीने खेळ थांबवला आणि वही काढली. “आजोबा, खाचर कुठून कुठपर्यंत होतं?” आजोबा सांगू लागले. बांध, ओढा, आंबा, लावणीच्या वेळचा चिखल... दोन पानं भरली. मुलगा असून त्यातलं निम्मं मलाही नवीन होतं!

मित्रांनो, तुमच्याही घरात असा एखादा राजपुत्र असेल, काठी टेकत चालणारा. वाळू आहे तोवर त्याला विचारून घ्या!